‘ॲनोड-फ्री’ला ‘धनाग्रविरहित’ म्हणायचं का?

खाडीकाठ: हर्णैच्या काही बोटमालकांसाठी एका बॅटरी कंपनीच्या गुंतवणूक-पत्रकाचं मराठी करायचं आहे. त्यात ‘ॲनोड-फ्री सॉलिड-स्टेट बॅटरी’ (सॉलिड-स्टेट म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली) असा शब्द आहे. शाळेच्या पुस्तकाप्रमाणे ॲनोड म्हणजे धनाग्र, म्हणून ‘धनाग्रविरहित घन-अवस्था बॅटरी’ केलं. त्यावर प्रश्न आला की प्लसच नाही, तर वायर कुठे लावायची? काय लिहू?

गलबत: शब्दच चुकलाय. पुस्तकातलं धनाग्र विद्युत अपघटनाच्या धड्यातलं आहे. तिथे बाहेरच्या बॅटरीचं धन टोक ॲनोडला जोडतात. बॅटरी स्वतः वीज देते तेव्हा मात्र ॲनोड हे तिचं ऋण टोक असतं. शिवाय ॲनोड-फ्री बॅटरीत हे टोक गायबही नसतं. तांब्याची पातळ फॉइल असते, फक्त कारखान्यातून निघताना तिच्यावर ग्राफाइटही नसतं आणि लिथियमही नसतं. पहिल्या चार्जिंगला कॅथोडमधलं, म्हणजे समोरच्या धन टोकातलं, लिथियम निघून या कोऱ्या तांब्यावर बसतं.

तांबडीमाती: म्हणून रुळलेली परिभाषा टाकायची? धनाग्र-ऋणाग्र पोरं शाळेत शिकतात. तळटीप द्या, शब्द ठेवा. प्रत्येक अडचणीला इंग्रजी शब्द उचलला तर मराठीत विज्ञान लिहायचंच कशाला?

गलबत: तळटीप अख्ख्या पानभर होईल. चार्जिंग करताना क्रिया उलटते, म्हणजे काटेकोर बोलायचं तर ॲनोड-कॅथोडही उलटतात. बॅटरीवाले ही अदलाबदल मानत नाहीत. डिस्चार्जच्या, म्हणजे वीज देण्याच्या, वेळचं नाव कायम ठेवतात. ‘धन’ आणि ‘ऋण’ नावातच कोरले की ही सोय राहत नाही.

रापण: मूळ शब्दात धन-ऋण नाहीच. १८३४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडेने व्ह्यूएल या विद्वानाच्या सल्ल्याने हे ग्रीक शब्द घेतले. ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली जाणारी. त्याच्या डोळ्यांसमोर सूर्य होता. प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो असं धरलं, तर सूर्य उगवतो ती बाजू ॲनोड आणि मावळतो ती कॅथोड. आपल्याकडे सह्याद्रीची बाजू ॲनोड, दर्याची कॅथोड. ‘उदयाग्र’ आणि ‘अस्ताग्र’ केलं असतं तर हा घोळ झालाच नसता.

तांबडीमाती: सुंदर आहे, पण कोण वापरणार?

सुरंगी: बोटमालकांना ॲनोड आधीच माहीत आहे! सुकाणूला आणि पंख्याच्या शाफ्टला जस्ताचा तुकडा बोल्टने बसवतात, त्याला सगळे ‘झिंक’ म्हणतात. तोच ॲनोड. खाऱ्या पाण्यात तो झिजतो आणि शाफ्ट वाचतो. बोट पावसाळ्यात शाकारून किनाऱ्यावर ठेवलेली असताना रंग देतात, तेव्हा झिंकवर चुकून रंग बसला किंवा बोल्टखाली गंज राहिला, तर झिंक जसंच्या तसं राहतं आणि शाफ्टला खड्डे पडतात. निम्मं झिजलं की बदलायचं. म्हणून सरळ लिहा, ‘वीज देताना ज्या बाजूचा धातू झिजतो, ती बाजू’. लिथियमचंही तेच होतं.

खाडीकाठ: हे पटलं. मग ‘ॲनोड-फ्री’ला ‘कोऱ्या तांब्याची बॅटरी’ म्हणू?

गलबत: ‘कोऱ्या तांब्यावर लिथियम बसवणारी’ म्हणा. आणि हा गुण म्हणून छापलाय, त्याची दुसरी बाजूही पत्रकात येऊ द्या. ग्राफाइटवर सुरुवातीला एक पापुद्रा धरतो, मग लिथियमची नासाडी जवळजवळ थांबते. इथे दर चार्जिंगला लिथियमचा ताजा पृष्ठभाग तयार होतो आणि थोडं लिथियम दर वेळी वाया जातं. जादा साठा नसतो. फेरीमागे, म्हणजे एकदा भरून उतरवताना, ९९.९ टक्के लिथियम परत आलं, तर १०० फेऱ्यांनी ९० टक्के उरतं आणि २०० फेऱ्यांनी ८२. म्हणजे ९९.९ हा आकडा वाचायला छान, कामाला तोकडा. ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के हवे असतील तर ९९.९७ च्याही किंचित वर लागतात. शिवाय दर चौरस सेंटिमीटरला ३ मिलीअँपिअर-तास साठवायचे तर लिथियमचा सुमारे १५ मायक्रॉनचा थर येतो-जातो. सेल तेवढा फुगतो आणि बसतो, म्हणून बाहेरून दाबून धरायला पट्ट्या लागतात. त्या पट्ट्यांचं वजन ‘वॉट-तास प्रति किलो’त (किलोमागे किती वीज साठते त्या आकड्यात) धरलंय का, ते बघा.

सुरंगी: ‘फेरी’ नको. बोटवाल्याची फेरी म्हणजे समुद्रात जाऊन येणं. ‘८०० फेऱ्या’ वाचून तो ८०० वेळा मासेमारीला जाणं समजेल.

तांबडीमाती: ‘आवर्तन’ आहे ना. नेमकं आणि आपलं.

सुरंगी: आवर्तन म्हणजे अथर्वशीर्षाचं. ‘पूर्ण भरून पूर्ण उतरवणं, ८०० वेळा’ असं लिहा. लांब होईल, पण फसगत नाही.

रापण: माझा आक्षेप क्रियापदाला आहे. पत्रकात ‘२०२७ मध्ये बाजारात येईल’ असं असेल, तर मूळ इंग्रजी तपासा. तिथे बहुधा ‘लक्ष्य’ असतं. टोयोटाने आधी २०२० च्या दशकाच्या सुरुवातीची वेळ सांगितली होती, नंतर २०२७-२८ सांगितली. क्वांटमस्केप या अमेरिकी सॉलिड-स्टेट बॅटरी कंपनीचा शेअर डिसेंबर २०२० मध्ये १३० डॉलरच्या वर गेला, तेव्हा कंपनी काहीच विकत नव्हती. २०२३ संपताना तो १० डॉलरच्या खाली होता. ‘येईल’ आणि ‘आणायचा बेत आहे’ यांत माणसाच्या बचतीचा फरक पडतो.

तांबडीमाती: हे मान्य. पण मग ‘गुंतवणूक’ तरी कशाला? ‘पैसे घालणं’ हा आपला जुना शब्द. गुंतवणूक ऐकलं की ठेवीसारखं सुरक्षित वाटतं.

रापण: उलट, गुंतवणूकच प्रामाणिक शब्द आहे. गुंतणे म्हणजे अडकणे, जाळं खडकात गुंततं तसं. गुंतवले आणि गुंतले, एकाच मूळ क्रियापदाचे.

तांबडीमाती: ती व्युत्पत्ती झाली. वापरात तो अर्थ कोणाच्या मनात येतो? पतपेढीच्या पाटीवरही गुंतवणूकच लिहिलेलं असतं.

खाडीकाठ: आणि ‘सॉलिड-स्टेट’चं काय? ‘घन-अवस्था’ तसंच ठेवलंय. कोणी ‘सुकी बॅटरी’ सुचवलं.

गलबत: सुकी अजिबात नको. बाइकच्या सीलबंद बॅटरीला लोक ड्राय बॅटरी म्हणतात, आणि तिच्यात ॲसिड असतंच, काचतंतूंच्या चटईत शोषलेलं.