बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालंय. केळीच्या साली, चिंचोके, शेवग्याच्या बिया यातलं काय चालेल?

वाघाडीकाठ:
मंडळी, सल्ला हवा आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. पाण्याच्या दोन सोयी आहेत: अंगणातली बोअर आणि वावरातली जुनी विहीर. बोअरचं पाणी दिसायला एकदम नितळ, पण तपासणीत फ्लोराइड २.८ मि.ग्रॅ. प्रति लिटर आलं. विहिरीचं पाणी पावसाळ्यात मातकट होतं, म्हणून ते प्यायचं आम्ही केव्हाच सोडलं. जास्त फ्लोराइडने दात खराब होतात म्हणतात आणि पुतणीला आता पक्के दात येताहेत, त्यामुळे घरात सगळ्यांनाच काळजी लागली आहे.

मोबाइलवर खूप व्हिडिओ पाहिले. कोणी केळीच्या सालीची भुकटी सांगतं, कोणी संत्र्याची साल, चिंचोके, शेवग्याच्या बिया, तुराट्यांचा कोळसा. हे सगळं आमच्याकडे भरपूर आहे आणि फुकट आहे. आरओ घ्या असं बरेच जण म्हणतात, पण त्यातून वाया जाणारं पाणी उन्हाळ्यात आम्हाला परवडत नाही. खरोखर उपयोग कशाचा होतो?

रसायनवाली:
भाऊ, तुम्ही आधी पाणी तपासून घेतलंत हे फार चांगलं केलंत. व्हिडिओवाले नेमकं हेच सांगत नाहीत: पाण्यात काय आहे हे कळल्याशिवाय कोणती साल वापरायची ते ठरत नाही.

केळीच्या किंवा संत्र्याच्या सालीत पेक्टिन आणि सेल्युलोज असतं. त्यांच्यावरच्या आम्लगटांवर पाण्यात ऋण भार येतो. शिसं, तांबं, कॅडमियम हे धातू पाण्यात धन भाराचे असतात, म्हणून ते सालीला चिकटतात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये केळीच्या सालीच्या भुकटीने नदीच्या पाण्यातलं शिसं आणि तांबं ओढून दाखवलं होतं, ते खरं आहे. पण फ्लोराइड स्वतःच ऋण भाराचं आहे. साधी साल त्याला धरत नाही. प्रयोगशाळेत सालीवर ॲल्युमिनियम, लोह किंवा झिर्कोनियम चढवून फ्लोराइड काढतात, पण ते घरी करू नका. चढवलेला धातू सुटून पाण्यात आला तर एक दुखणं जाऊन दुसरं मागे लागेल.

कच्ची साल पाण्यात टाकली की तिच्यातली साखर आणि टॅनिन उतरतं, पाणी तपकिरी होतं, दुसऱ्या दिवशी वास मारतं. पिण्याच्या पाण्यात साल नकोच.

आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाण्याची वाफ होते, फ्लोराइड मागे राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं.

भंडाऱ्याचा_धान:
तुराट्यांच्या कोळशाबद्दल सांगतो. चुलीतला किंवा भट्टीतला साधा कोळसा आणि फिल्टरमधला कोळसा यांत फरक आहे. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेवर साधारण ८०० ते १००० अंशांना तापवतात, तेव्हा त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. तो क्लोरीनचा वास, रंग, काही कीटकनाशकं धरतो. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार मात्र त्यातून तसेच पुढे जातात.

आमच्याकडच्या तुसाची राखही पाण्यासाठी वापरली गेली आहे. २००९ साली आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ फिल्टरमध्ये धानाच्या तुसाची राख आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण होते. गाळ आणि जंतूंसाठी ती चांगली कल्पना होती. तुमचा प्रश्न वेगळा आहे.

हैदराबादी_ताई:
चिंचेबद्दल एक घोळ नेहमी होतो. इथल्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शाळकरी मुलांवर अभ्यास केला होता, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. जेवणात चिंच दिल्यावर मुलांच्या लघवीतून जास्त फ्लोराइड बाहेर पडलं. म्हणजे तो चिंच *खाण्याचा* परिणाम. पाण्यात चिंचोके टाकून पाणी शुद्ध होतं असा त्याचा अर्थ नाही. पुतणीच्या आमटीत चिंच जरूर घाला, दूध आणि हिरव्या भाज्याही द्या, पण पाणी बदललंच पाहिजे.

वाघाडीकाठ:
ताई, भाऊ, डोळे उघडले. मग शेवगाही बाद का? आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत घरी करता येईल का? त्यात तुरटी आणि चुना असतो असं वाचलं.

रसायनवाली:
नलगोंडा पद्धत खरी आहे, १९७० च्या दशकात नीरीनेच ती काढली. तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर. ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. पण तुरटी किती हे फ्लोराइड आणि पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) या दोन्हींवर ठरतं. अंदाजाने टाकली तर ॲल्युमिनियम पाण्यात राहतं. गावपातळीवर, पाणी तपासणारा माणूस हाताशी असेल तर करा. एकट्या घरात नको.

शेवगा मात्र बाद नाही. तो तुमच्या *विहिरीसाठी* आहे. बोअरपेक्षा उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी असतं, कारण खोलवरचं पाणी खडकाशी जास्त काळ राहिलेलं असतं. पण बहुधा म्हणजे नक्की नव्हे. विहिरीचं पाणी वेगळं तपासा, फ्लोराइडसोबत नायट्रेट आणि जंतूही बघायला सांगा. शेताजवळची विहीर आहे, खत उतरलेलं असू शकतं. फ्लोराइड १ च्या आत आलं तर उत्तम. भारतीय मानकात दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं.

शेवगा_बाग:
आमची शेवग्याची बाग आहे, पावसाळ्यात गढूळ पाण्याला आम्ही हेच करतो. शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या. बीचं तपकिरी टरफल आणि पंख काढायचे, आतला पांढरा गर बारीक कुटायचा. पेलाभर स्वच्छ पाण्यात पाचेक मिनिटं हलवून फडक्यातून गाळायचा. २० लिटरच्या बादलीला पाणी थोडं गढूळ असेल तर ५ बिया, चहासारखं असेल तर १५ ते २०. आधी मिनिटभर जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू. हळू ढवळणं सोडू नका, त्यातच मातीचे कण एकमेकांना धरून जड होतात. दीड-दोन तास झाकून ठेवा आणि वरचं पाणी अलगद काढा.

बियांतली प्रथिनं धन भाराची, मातीचे कण ऋण भाराचे, म्हणून हे जमतं. तेल काढून उरलेल्या पेंडीतही ती प्रथिनं राहतात, त्यामुळे घाण्यावरची पेंडही चालते.

दोन गोष्टी मात्र पाळाच. नितळलेलं पाणी उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका, कारण जंतू कमी होतात, संपत नाहीत. आणि ते त्याच दिवशी संपवा. बियांचा अंश पाण्यात राहतो, शिळ्या पाण्यात जंतू पुन्हा वाढतात.

भंडाऱ्याचा_धान:
विहिरीतही फ्लोराइड निघालं तर छतावरचं पाणी साठवा. त्यात फ्लोराइड जवळजवळ नसतं. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरलं तर आठ महिन्यांना ६,००० लिटर लागतात. ३० चौरस मीटर टिनाच्या छतावर ९०० मि.मी. पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी २१,००० लिटरच्या वर मिळतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, टाकी झाकलेली ठेवा. बोअर धुण्याभांड्याला राहू द्या.

वाघाडीकाठ:
हे परवडण्यासारखं आहे, टाकीची किंमत उद्याच विचारतो. विहिरीच्या पाण्याचा नमुना कुठे द्यायचा? मागच्या वेळी भावाने दिला होता.

हैदराबादी_ताई:
ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना विचारा. गावात तपासणी संच मिळालेल्या महिला असतील तर प्राथमिक तपासणी तिथेच होईल, पण नक्की आकड्यासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतच द्या. जंतूंसाठीची बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्या. आणि एक नमुना आत्ता, एक पावसाळ्यानंतर द्या, दोन्ही आकडे सारखे येतीलच असं नाही.