दहशतवाद हा 'जनसंपर्क' म्हणायचा का? आणि 'जबाबदारी स्वीकारली' बद्दल

नौपाडाकर
मुलगी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला विषय मिळालाय दहशतवाद आणि पब्लिक रिलेशन्स यांचं नातं, आणि लिहायचंय मराठीत. तिने पहिलंच वाक्य टाकलं, "दहशतवाद हा जनसंपर्काचाच एक प्रकार आहे". वाचून मला कसंतरीच झालं. ती म्हणते आई अभ्यासात हेच आहे, १८७०-८० च्या सुमारास युरोपातले अराजकवादी आपल्या हल्ल्यांना 'कृतीतून प्रचार' म्हणायचे, १९८२ मध्ये श्मिड आणि दे ग्राफ या दोघांनी हिंसा हा निरोप पोचवायचा मार्ग असतो असं पुस्तकच लिहिलं. ते पटतं मला. पण म्हणून जनसंपर्क? दुसरा शब्द सुचवा कोणीतरी.

कळवा पूर्व
प्रोपगंडा. मूळ चर्चचा शब्द, १६२२ ला पोपने धर्मप्रसारासाठी जे मंडळ नेमलं त्याच्या लॅटिन नावात आहे. मराठीत आता वाईट अर्थानेच वापरतात, त्यामुळे इथे बसेल.

वाशी सेक्टर १७
ताई, जनसंपर्क नकोच. मी २८ वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या जनसंपर्क विभागात होतो, शुक्रवारी पाणी येणार नाही ही प्रेसनोट काढायची आणि मग दिवसभर लोकांचे फोन घ्यायचे, की आमच्याकडे लग्न आहे, आमच्याकडे पेशंट आहे, टँकर पाठवा. नोट हे अर्धं काम, फोन हे उरलेलं अर्धं. संपर्क दोन्हीकडून असतो हो. गर्दीत पिशवी ठेवून जाणाऱ्याला कुणाचा फोन घ्यायचाय? १९८४ मध्ये ग्रुनिग आणि हंट यांनी जनसंपर्काचे चार प्रकार सांगितले, त्यात सगळ्यात खालचा म्हणजे नुसतं लक्ष वेधून घेणं, एकतर्फी, खरंखोटं काहीही. तुलना करायचीच तर फक्त तिथपर्यंत करता येईल. मी 'प्रसिद्धी' म्हणेन, तीही दुसऱ्याचा जीव घेऊन मिळवलेली.

पण आपला 'दहशत' शब्द बघा, फारसीतून आलाय आणि मराठीत त्याची क्रियापदं काय, तर दहशत बसते, बसवतात, माजवतात. बसते कोणावर? जे वाचले त्यांच्यावर. जे गेले त्यांच्यावर कसली दहशत बसणार. म्हणजे बघणारा माणूस त्या शब्दाच्या आतच आहे. 'अतिरेकी' मध्ये तो नाही, तिथे फक्त करणाऱ्याने अतिरेक केला एवढंच कळतं. पूर्वी पंजाबच्या बातम्यांत अतिरेकीच असायचे, दहशतवादी नंतर रुळला.

ऐरोलीची
मग दाखवूच नका ना टीव्हीवर. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई १९८५ ला म्हणाल्याच होत्या की यांचा प्रसिद्धीचा ऑक्सिजन तोडा.

वाशी सेक्टर १७
तोडून पाहिला त्यांनी. १९८८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या हिंसक संघटना आणि त्यांचे समर्थक यांच्या लोकांचा आवाज प्रसारित करायला बंदी घातली तर वाहिन्यांनी चित्र तेच ठेवून नटांकडून तीच वाक्यं म्हणून घेतली, १९९४ ला बंदी उठवावी लागली. आपल्याकडे २६/११ ला मात्र थेट प्रक्षेपणाने खरंच नुकसान केलं, पलीकडे बसलेले लोक टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते, २०१२ च्या कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यावरून स्पष्ट सुनावलंय. २०१५ पासून नियमच आहे, कारवाई चालू असताना लाइव्ह नाही, नेमलेला अधिकारी मधूनमधून माहिती देईल तेवढीच. हा नियम मला मनापासून योग्य वाटतो.

नौपाडाकर
काका, 'दहशत बसते' हे पटलं, मुलीला वाचून दाखवलं. मला २००८ चा जून आठवला. इथल्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या पार्किंगमध्ये ४ तारखेला स्फोट झाला, सात जण जखमी, त्याआधी काहीच दिवस तुमच्या वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला होता. कारण काय तर एका नाटकाला विरोध. निरोप तर सगळ्या ठाण्याला पोचला, आमच्या घरातून कितीतरी महिने कोणी नाटकाला गेलं नाही, आणि आम्ही दर महिन्याला जाणारी माणसं. याला मी जनसंपर्क म्हणूच शकत नाही, आमच्याशी कोणी काही बोललंच नव्हतं.

आणि पेपरवाले २६/११ ला 'थरारनाट्य' लिहितात ते तर अजिबात सहन होत नाही मला. १६६ माणसं गेली. नाट्य कसलं? आणि 'सूत्रधार' सुद्धा, नांदी झाली की रंगमंचावर येऊन नमस्कार करणारा माणूस तो, त्याचा शब्द या कट रचणाऱ्यांना कशाला द्यायचा.

वाशी सेक्टर १७
मला सगळ्यात खटकतं ते 'हल्ल्याची जबाबदारी अमुक संघटनेने स्वीकारली'. इंग्रजीवरून जसंच्या तसं आलंय. मराठीत जबाबदारी कोण स्वीकारतो, तर घराची स्वीकारतो, म्हाताऱ्या आईबापांची स्वीकारतो, अपघात झाला तर मंत्री स्वीकारतो आणि राजीनामा देतो. यांनी पत्रक काढलेलं असतं, ईमेल पाठवलेला असतो, म्हणजे हल्ल्याची प्रेसनोटच ती, आणि आपण तिला इतका भारदस्त शब्द फुकट देतो.

कळवा पूर्व
'श्रेय घेतलं'?

वाशी सेक्टर १७
श्रेय चांगल्या कामाचं. नको.

ऐरोलीची
'आपणच केल्याचं कळवलं' चालेल की. हेडलाइनला लांब होतं, पण खरं आहे.

नौपाडाकर
मुलीने वाक्य बदललं. "दहशतवादाला प्रसिद्धी लागते, जनसंपर्क त्याला जमत नाही." आणि ऐरोलीच्या ताई, तुमचं 'कळवलं' तिने पुढच्या पानावर तीन ठिकाणी घातलंय.