टेडीचं अस्वल की अस्वलाचा टेडी?

परवा भाचीसाठी खेळणं घ्यायला गेलो होतो. शेजारी उभ्या बाईंनी विचारलं, "अस्वलाचा टेडी आहे का?" दुकानदार म्हणाला, "सशाचा आहे, हत्तीचा आहे, अस्वलाचा संपला." दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं.

कारण 'टेडी' म्हणजे अस्वल नव्हेच. ते माणसाचं नाव. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लोक 'टेडी' म्हणत. त्यांना स्वतःला ते आवडत नसे. नोव्हेंबर 1902 मध्ये ते मिसिसिपीत शिकारीला गेले, पण अस्वल काही मिळेना. मग होल्ट कोलियर या वाटाड्याने एक काळं अस्वल पकडून झाडाला बांधलं आणि त्यांना बोलावणं धाडलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी साफ नकार दिला. गोष्ट सहसा इथेच थांबवतात. पण ते अस्वल जबर जखमी होतं, आणि त्याचे हाल संपावेत म्हणून शेवटी सुऱ्याने मारलं गेलं. हेही मुलांना कधीतरी सांगावं, असं मला वाटतं.

क्लिफर्ड बेरीमन यांनी या प्रसंगावर 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये व्यंगचित्र काढलं. ते पाहून ब्रुकलिनचे दुकानदार मॉरिस मिश्टम आणि त्यांची पत्नी रोझ यांनी कापडाचं अस्वल शिवलं आणि 'टेडीज बेअर' या नावाने विकायला ठेवलं. (जर्मनीत श्टाइफ कंपनीही त्याच सुमारास अशी अस्वलं बनवत होती.)

म्हणजे मुळात षष्ठी होती: टेडीचं अस्वल. इंग्रजीत ती गळाली आणि 'टेडी बेअर' राहिलं. आपण त्याच्याही पुढे गेलो, 'बेअर' सोडून दिलं. टेडी म्हणजे कापूस भरलेलं कुठलंही मऊ खेळणं, म्हणून 'सशाचा टेडी'. वनस्पती तुपाला सरसकट 'डालडा' म्हणायचो, त्यातलाच प्रकार. आणि अस्वलाचाच हवा असेल तर षष्ठी उलटी लावायची: अस्वलाचा टेडी!

मला हा वापर चुकीचा वाटत नाही. शब्द मराठीत पुरता रुळला आहे. 'ते अस्वल' नपुंसकलिंगी, पण 'तो टेडी' पुल्लिंगी. लिहिताना मात्र 'टेडी बिअर' नको, 'बेअर' लिहावं. बिअर प्यायची असते.

तुमच्या घरी 'तो टेडी' म्हणतात की 'ते टेडी'?