मदत हवी आहे: ४० किलोचा ऑर्गन, ११७ व्होल्टचा ॲम्प आणि गायिकेला बसलेला शॉक

हळदपेठ, सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न तीन आहेत, पण एकमेकांत अडकलेत, म्हणून सगळं एकाच धाग्यात टाकतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी खुलासा. ऑर्गन म्हटलं की आपल्याकडं लोकांना संगीत नाटकातला पायानं भाता मारायचा ऑर्गन आठवतो. तो नव्हे. माझ्याकडं फार्फिसा कॉम्बो कॉम्पॅक्ट आहे. इटलीचा, साठच्या दशकातला, ट्रान्झिस्टरवाला. डावीकडच्या बेसच्या पट्ट्यांचा रंग वेगळा, आणि खाली गुडघ्यानं ढकलायची एक दांडी. ती ढकलली की आवाजाला अशी धार येते की मागच्या रांगेतला माणूस मान वर करतो. मिरजेच्या एका मास्तरांकडून १९९४ साली घेतला. तेव्हापासून आमच्या जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात तोच वाजवतो.

ॲम्प आहे फेंडर ट्विन रिव्हर्ब. सिल्व्हरफेस (चंदेरी पॅनेलचा), मास्टर व्हॉल्यूमवाला, १०० वॅट, दोन १२ इंची स्पीकर. अमेरिकेहून आलेला, म्हणून ११७ व्होल्टचा. त्याच्यासोबत स्टेप-डाऊनचा, म्हणजे आपल्या २३० चे ११७ करणारा, लोखंडी डबा फिरवावा लागतो.

माझं मार्केट यार्डात काम. एकदा हळदीच्या काट्यावर सगळं चढवून बघितलं. ऑर्गन पाय, झाकण, पेडल धरून ४० च्या जरा खाली. ॲम्प ३०. डबा ८. आमचा हमाल रोज पोती उचलणारा गडी, पण ऑर्गन उचलून म्हणाला, "पोतं परवडलं शेठ, त्याला धरायला कान तरी असतात."

आता प्रश्न.

एक. गेल्या महिन्यात पलूसकडं एका भाऊंच्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. पाऊस पडून गेलेला, स्टेजवरची चटई ओली. आमच्या गायिका ताईंनी माईक धरलेला आणि दुसरा हात सहज ऑर्गनच्या कडेला टेकवला. कडेला पत्र्याची पट्टी आहे. झटका बसला, माईक हातातून पडला. मी त्याच ऑर्गनवर दोन तास वाजवत होतो, मला काहीच नाही. असं का? दोष ऑर्गनचा की ॲम्पचा?

दोन. ऑर्गनची पांढरी पाच (सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी) वरच्या दोन सप्तकांत वाजते, त्याखाली मुकी. बाकी अकरा स्वर व्यवस्थित.

तीन. माझं वय ५४. मणक्याच्या डॉक्टरांनी १० किलोच्या वर काही उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. पोरगा म्हणतो, बाबा, सात किलोचा नवा कीबोर्ड घ्या, त्यात हे सगळे आवाज आहेत. घ्यावा का?

रसिक_विटा

तिसऱ्याचं उत्तर: पोराचं ऐका. पहिल्या दोन प्रश्नांची गरजच उरत नाही.

तारजोडी, कराड

काका, बाकी सगळं नंतर. आधी तो ॲम्प बोर्डाला लावणं बंद करा. गंमत नाही करत. मग ह्या चार गोष्टी बघून सांगा, सगळ्या प्लग काढून बघायच्या आहेत:

ॲम्पच्या वायरला तिसरी पिन आहे का? स्टेप-डाऊनच्या डब्याचं आउटपुट सॉकेट दोन भोकांचं की तीन? ॲम्पच्या मागं ग्राउंड लिहिलेलं स्विच आहे का? आणि मल्टिमीटर असेल तर डब्याच्या इनपुट पिनेपासून आउटपुट पिनेपर्यंत रोध मोजा. काही ओहम दाखवले तर आत ऑटोट्रान्सफॉर्मर आहे. काहीच दाखवलं नाही तर दोन वेगळ्या वाइंडिंगचा आहे. चारही पिनांच्या जोड्या मोजा, एकच मोजून थांबू नका.

ॲम्पचं चॅसिस (आतला लोखंडी सांगाडा) उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या फिल्टर कपॅसिटरांत साडेचारशेच्या आसपास व्होल्ट बसून असू शकतात.

हळदपेठ, सांगली

बघितलं. ॲम्पची तिसरी पिन कुणीतरी कापलीय, खुंट दिसतोय. डब्याचं सॉकेट दोनच भोकांचं. ग्राउंड स्विच आहे. मीटरवर काही ओहम येतात, म्हणजे ऑटोच. आणखी एक: डबा आणि ॲम्पचा मोठा ट्रान्सफॉर्मर, दोन्ही अर्ध्या तासात इतके तापतात की हात ठेवता येत नाही. मी समजत होतो, जुना माल आहे, तापणारच.

तारजोडी, कराड

मग सापडलं.

तुमच्या ट्विनच्या जमान्यातल्या ॲम्पांत त्या ग्राउंड स्विचवरून एक कपॅसिटर लाइनच्या एका तारेपासून चॅसिसला जोडलेला असतो. घरघर कमी करायला. जगभरचे रिपेअरवाले त्याला यमाचा कपॅसिटर अशा अर्थाच्या नावानं ओळखतात, उगाच नाही. तो साधारण ०.०४७ मायक्रोफॅरडचा असतो. अमेरिकेत, तिसरी पिन शाबूत असताना, त्यातून गळणारा करंट अर्थिंगमधून निघून जायचा.

तुमच्याकडं काय झालं? पिन कापली, डब्यातूनही अर्थिंग पुढं जात नाही, म्हणजे चॅसिस अधांतरी. वर ऑटोट्रान्सफॉर्मर. त्यात मेन लाइन आणि ॲम्प वेगळे होतच नाहीत, एकच वाइंडिंग मधून फोडलेलं असतं. गावच्या बोर्डावर फेज-न्यूट्रल उलटे असले (आणि मंडपवाल्याच्या बोर्डावर ते सुलटे असले तर मला कळवा, बघायला येतो), तर ॲम्पची "शून्य" समजली जाणारी तार प्रत्यक्षात २३० वर बसते. त्या कपॅसिटरमधून ५० हर्ट्झला साधारण साडेतीन मिलिॲम्पिअर चॅसिसवर येतात. तिथून तुमच्या ऑर्गनच्या वायरची जाळी, जाळीतून ऑर्गनचा पत्रा. ताईंच्या एका हातात पत्रा, दुसऱ्यात मिक्सरमधून अर्थ झालेला माईक. सर्किट पूर्ण.

तुम्हाला का नाही? कारण तुमची बोटं दोन तास प्लास्टिकच्या पट्ट्यांवर होती.

साडेतीन मिलिॲम्पिअरनं झटका बसतो, माणूस सहसा दगावत नाही. पण तो कपॅसिटर पन्नास वर्षांचा आहे. तो शॉर्ट झाला की मध्ये अडवायला काहीच नाही, अख्खे २३० पत्र्यावर. म्हणून म्हटलं, लावू नका.

तापण्याचं कारण वेगळं. तो ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झवर ११७ व्होल्टसाठी बांधलाय. आपल्याकडं ५० हर्ट्झ. तेवढ्याच व्होल्टला त्याच्या कोअरवर वीस टक्के जादा ताण येतो. डब्याचं आउटपुट १२० ला असेल तर आणखीच.

उपाय: व्हॉल्व्ह ॲम्पची कामं केलेल्या माणसाकडून तो कपॅसिटर कापून टाका, तीन तारांची वायर घाला, अर्थ सरळ चॅसिसच्या बोल्टला. आणि खरं सांगू का, पॉवर ट्रान्सफॉर्मरच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा बांधून घ्या. कुपवाड एमआयडीसीच्या आसपास चांगले वाइंडिंगवाले आहेत. एका दमात डबा जाईल, आठ किलो कमी होतील, तापणं थांबेल. मात्र नमुना म्हणून जुना ट्रान्सफॉर्मर त्याच्या हातात द्या. त्यातली हाय व्होल्टेज वाइंडिंग अंदाजानं बांधायची चीज नाही.

सोल्डरगन, मिरज

पांढरी पाचचं मी सांगतो, माझा आवडीचा विषय.

ह्या ऑर्गनांत बारा बोर्ड असतात, प्रत्येक स्वराला एक. बोर्डावर एकच ऑसिलेटर, तो सगळ्यात वरचा स्वर काढतो. त्याची कंपनं निम्मी करून खालचं सप्तक, ती पुन्हा निम्मी करून त्याच्या खालचं, असे डिव्हायडर एकाखाली एक. म्हणूनच एक कॉइल फिरवली की त्या स्वराची सगळी सप्तकं एकदम सुरात येतात. हार्मोनियमवाल्यांना हेवा वाटावा अशी सोय.

तुमची वरची दोन वाजतात म्हणजे ऑसिलेटर ठीक आणि पहिला डिव्हायडरही ठीक. त्याच्या पुढचा मेला. तो मेला की त्याच्यावर अवलंबून असलेले खालचे सगळे गप्प. पट्ट्यांचे कॉन्टॅक्ट घासत बसू नका. कॉन्टॅक्ट खराब असता तर एखादी पट्टी गेली असती, ओळीनं सगळ्या गेल्या नसत्या.

शेजारचा काळी चारचा बोर्ड चालू आहे ना? सर्किट तेच आहे. दोन्हीकडच्या त्याच जागच्या ट्रान्झिस्टरांवरचे व्होल्ट ताडून बघा, जिथं फरक पडेल तिथं रोग. बहुतेक वेळा कोरडं पडलेलं सोल्डर, नाहीतर म्हातारा जर्मेनियम ट्रान्झिस्टर. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, तापला की गळतो. एप्रिलच्या जत्रेत दुपारी साऊंड चेकला लावलेला सूर रात्री हललेला असतो का? असेल तर तेच.

आणि कुणीही सांगितलं तरी आत गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका. कॉन्टॅक्ट पुसायचेच असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं.

काळी_चार, सातारा

तिसरा प्रश्न माझा. मी ह्यातून गेलोय. माझ्याकडं यामाहाचा वायसी ऑर्गन होता, तो विकला आणि दोन वर्षं स्वतःला शिव्या दिल्या.

पोरगा म्हणतो ते खोटं नाही. यामाहाचा नवा वायसी ६१ सात किलोचा आहे, त्यात तुमच्या जातीचे ट्रान्झिस्टर ऑर्गनचे आवाज आहेत. रिफेस वायसी तर दोन किलोच्याही आत, पण त्याच्या पट्ट्या बारक्या आणि ३७ च. दहा हजार माणसांच्या मैदानात, पीएमधून (मोठ्या स्पीकरांतून), लोकांना फरक कळत नाही. मला कळतो. गुडघ्याची दांडी नाही, ती धार बोटानं बटण दाबून आणायची म्हणजे वाजवता वाजवता हात सोडायचा.

पण काका, तुमची गल्लत इथं होतेय असं मला वाटतं. जड काय आहे? ऑर्गन ४०, ॲम्प आणि डबा ३८. ह्यातला ॲम्प स्टेजवर लागतो कशाला? ट्विन मुळात गिटारचा ॲम्प. बेसच्या पट्ट्या जोरात दाबल्या की ते १२ इंची स्पीकर कण्हतात. ऑर्गन डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) सरळ मिक्सरला द्या, स्वतःला ऐकायला साऊंडवाल्याकडून एक मॉनिटर स्पीकर मागा. घरघर आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलची जाळी तोडतं. अर्थिंगची पिन काढून घरघर घालवणारे लोक मी बघितलेत, तुमच्या ॲम्पचा आधीचा मालक त्यातलाच असणार.

ॲम्प न्यायचाच असेल तर कार्यक्रम संपल्यावर पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग उचला. गरम व्हॉल्व्हची फिलामेंट धक्क्यानं तुटते. त्याला चाकं लावा, लॉकवाली. निओडिमियमचे स्पीकर घातले तरी पाच-सहा किलो सुटतात, पण ते स्वस्त नाहीत.

तारजोडी, कराड

ह्यात एक भर. ऑर्गनच्या स्वतःच्या वायरलाही तिसरी पिन नसणार. ॲम्प घरी ठेवलात म्हणून प्रश्न संपला असं नाही, त्यालाही अर्थ करून घ्या. आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारं स्विच) बसवलेला स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड जवळ ठेवा. जनरेटरवर मात्र तिच्यावर विसंबू नका. जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर ती गप्प बसते.

हळदपेठ, सांगली

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, मधे गणपती होते.

कुपवाडचे एक वाइंडिंगवाले ट्रान्सफॉर्मर बांधायला तयार झाले. मोटारी बांधणारा माणूस, पण जुना नमुना उघडून थर मोजत बसला, दोन तास. अजून मिळायचाय. कपॅसिटर कापलेला मी डबीत ठेवलाय, ताईंना दाखवायला.

पांढरी पाचचा बोर्ड सोल्डरगन साहेबांनी सांगितला तसा ताडून बघितला. ट्रान्झिस्टर नव्हता, सोल्डरच होतं. भिंगातून बघितल्यावर पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. मला वाटतं ती २०१९ ची. त्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या घरातून चौघांनी रात्री ऑर्गन माडीवर चढवला होता आणि जिन्याच्या वळणावर एकदा आपटला होता. पत्र्यावर तिथं पोचाही आहे. एक ठिपका सोल्डर, आणि पाचही सप्तकं बोलायला लागली. घरात मी एकटाच होतो, तरी दांडी पूर्ण ढकलून वाजवलं. शेजारच्या आजी बघायला आल्या.

ऑर्गनला तीन पिनांची वायर घातली. गणपतीत तासगावकडचे दोन कार्यक्रम ॲम्पशिवाय, डीआयवर केले. ऑर्गन छोटा हत्तीतून नेला, चढवायला-उतरवायला दोन पोरं, त्यांना पैसे दिले. मी फक्त पेडल उचललं. पोराला सांगितलं, सात किलोचा तू घे, तू वाजव. तो वाजवत नाही, त्याला फक्त माझी काळजी.

उरला एक प्रश्न. गाडीत गाद्या गुंडाळून नेतोय ते बरोबर नाही. आत फोम लावलेली कडक पेटी सांगली-मिरजेत कोण करून देईल?

सोल्डरगन, मिरज

सतारमेकर गल्लीत विचारा. सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून बाहेरगावी माल जास्त जातो, पेट्या करणारे जवळपास सापडतील. माप लिहून न्या.

हळदपेठ, सांगली

जाऊन आलो. माप दिलं. कारागीर कागद उलटा-सुलटा करून बघत होते. शेवटी विचारलं, "सगळं बरोबर आहे, पण ह्याचा भोपळा कुठल्या बाजूला येतो?"

पुढच्या सोमवारी देतो म्हणालेत.