अंदाज चुकला की कॅशमधून नेमका चुकीचाच व्हिडिओ काऊन जाते?

कास्तकार_कोडर (दारव्हा, यवतमाळ):
मंडळी, गावातल्या अभ्यासिकेत रास्पबेरी पायवर छोटासा सर्व्हर लावला हाय, लेक्चरचे व्हिडिओ मेमरी कार्डात साठून राह्यतात (हेच आपलं कॅश) म्हणजे एकानं पाह्यलेला दुसऱ्याले परत डाऊनलोड करा लागत नाही, इकडचं नेट कसं असते ते सांगाले नको. कार्ड भरलं की एखादा काढा लागते. आधी साधं एलआरयू होतं, ज्याले जास्त दिवस कोणी हात नाही लावला तो बाहेर. मंग म्हटलं टाइमटेबल तं आपल्यापाशीच हाय, कोणता कवा लागन ते समजते, तं ज्याची गरज सगळ्यात उशिरा पडन तोच काढू. मस्त चाललं, पण कापूस वेचणी लागली, अर्धे पोरं वावरात, आन् आता एलआरयूपेक्षाबी जास्त डाऊनलोड होऊन राह्यले. बरं अंदाज बहुतेक बरोबरच निघतात. मंग असं काऊन?

बिनखुणेचा (अमरावती):
भाऊ, तुम्ही लावलं ते बेलाडीचं अल्गोरिदम, 1966 चं. पुढचं खरंच माहीत असलं तर त्याच्याहून कमी मिस (म्हणजे मागितलेला व्हिडिओ कार्डात नसणं) कोणालाच जमत नाही, पण अंदाजावर डोळे मिटून चालवलं की एकच चूक पुरते. समजा कार्डात दोनच व्हिडिओ मावतात. इतिहासाचा आत आहे, टाइमटेबल म्हणते आत्ता लागणार, आणि बघणारा पोरगा गेला कापूस वेचायला. तो तिथेच ठाण मांडून बसतो, बाकीचे गणित, इंग्रजी, गणित, इंग्रजी असं मागत राहतात आणि उरलेल्या एका जागेवरून दोघं एकमेकाला हाकलतात, दर वेळी नवं डाऊनलोड. एलआरयूनं इंग्रजी आल्याबरोबर इतिहास काढला असता.

कास्तकार_कोडर:
हो हो, लॉगमधे एक्झॅक्ट असंच दिसते! मंग ज्याची वेळ टळून गेली त्याले काढूनच टाकू का?

बिनखुणेचा:
नका. लाईट गेली आणि सगळेच अर्धा तास उशिरा आले तर आत्ता लागणारा तोच काढून बसाल.

यावर लायकूरिस आणि वासिल्वित्स्की या संशोधकांचा 2018 चा पेपर आहे. जुन्या मार्कर पद्धतीवर अंदाज बसवलाय. जो व्हिडिओ मागितला त्याला खूण, काढायचा तो बिनखुणेच्यांतूनच, त्यातला कोणता ते अंदाजाला विचारायचं, सगळ्यांवर खूण झाली की पुसून नवी फेरी. तुमचा इतिहास फार तर एका फेरीपुरता अडून बसेल. आणि एका फेरीत चुकांची साखळी लांबत चालली तर अंदाज सोडायचा, सरळ चिठ्ठी टाकून काढायचा. म्हणजे अंदाज चांगला असला तर फायदा बराच मिळतो, बेकार निघाला तरी सर्वोत्तमाच्या साधारण लॉग के (गणितातला लॉगॅरिदम) पटीच्या वर मिस जात नाहीत, के म्हणजे कार्डात मावणारे व्हिडिओ. एलआरयू वाईटात वाईट के पटीपर्यंत जाऊ शकते, हे स्लेटर आणि टार्जननी 1985 लाच दाखवलंय.

गड्डीगोदाम_लिनक्स (नागपूर):
एवढं कशाला बे, 64 जीबीच्या जागी 256 चं कार्ड टाक न.

कास्तकार_कोडर:
दादा, पोरं रोज नवीन लेक्चर मागतात, तेबी भरनच.

गड्डीगोदाम_लिनक्स:
बरं मग सोपं सांगतो. 2020 मधे वेई नावाच्या संशोधकानं दाखवलंय की अंदाजवालं आणि एलआरयू दोन्ही सोबत चालवायचे, खरं डाऊनलोड न करता नुसत्या नावांवर, आणि ज्याचे मिस आतापर्यंत कमी त्याच्या मागे जायचं. दर मिनिटाला पार्टी नको बदलू फक्त, बदलताना परत डाऊनलोड पडते. मार्करपेक्षा हे लिहायला सोपं, माझं मत. आणि हे सगळे पेपर सगळ्या फाईली एका मापाच्या धरतात, तुझं एक लेक्चर 80 एमबीचं आणि एक 900 चं असलं तर हिशेब वेगळा. स्क्विड या कॅश सर्व्हरमधली जीडीएसएफ नावाची काढायची पद्धत साइज पाहते, पण तिले अंदाज समजत नाही.

कास्तकार_कोडर:
माप तं लई वेगवेगळं हाय. 10 10 मिनिटाचे तुकडे करून टाकले तं साइज जवळपास सारखी होईन, अर्धवट पाहून उठणाऱ्यायचंबी जमन. आधी ते करतो मंग दोन्ही सोबत लावतो, वेचणी चालू हाय तवाच लॉग घेऊन घेतो.

बिनखुणेचा:
टाका लॉग इथे, पोरांची नावं काढून. मार्कर मी त्याच्यावर चालवून बघतो.