मदत हवी आहे: डॉलर वाढला तरी कापसाला भाव का नाही?

राजेहो, कापूस घरातच पडून आहे. आडव्या खोलीत छतापर्यंत गंजी लागली, पोरं वरून उड्या मारतात. खेडा खरेदीवाला हमीभावाच्या बराच खाली मागतो अन् वर ओलाव्याचं कारण सांगतो.

माझा हिशोब तपासून द्या. न्यूयॉर्कचा कापसाचा वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) सेंट प्रति पाउंडमध्ये असतो. आपली रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) खंडी 356 किलो, म्हणजे 784 पाउंड. समजा 65 सेंट अन् डॉलर 88 रुपये धरला, तर खंडी 44,800 च्या आसपास पडते. भाडं-विमा वेगळा. म्हणजे रुपया घसरला की बाहेरची रुई महाग, अन् आपल्याला भाव मिळायला पाहिजे. इथवर बरोबर आहे ना?

पण सरकारनं ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. नेमकी आपली वेचणी तेव्हाच! त्याच महिन्यात अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के टॅरिफ लावलं, त्यामुळे कापडवाल्यांची ओरड समजते. भार मात्र कास्तकारावर.

विचारायचं असं:

शुल्कमाफीत आलेल्या गाठी गिरण्यांच्या गोदामात असतील, तर त्याचा दाब किती दिवस राहतो? रुपयाच्या घसरणीचा फायदा त्यात पूर्ण जिरतो का? अन् सरकीचा भाव यात कसा धरायचा? क्विंटलमागे रुई 33-34 किलोच निघते, बाकी बहुतेक सरकीच.

हिंगणघाट, वणीकडले जिनिंगवाले (कापसातून सरकी काढणारे) कोणी असाल तर नक्की सांगा. 'थांबा, भाव येईल' एवढंच सांगू नका, ते आमचा भाचाही सांगतो.