बाबांचं लायसन्स, मोतीबिंदू आणि फॉर्म १ए

जुई_कोथरूड
बाबा ६८ वर्षांचे, लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं "बघू दिवाळीनंतर". शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. दिवसा अ‍ॅक्टिव्हा झकास चालवतात. पण परवा रात्री कर्वे रोडवर समोरच्या दिव्यांमुळे दुभाजक दिसलाच नाही, हे स्वतःच जेवताना बोलून गेले. एजंट म्हणतो, "काकांना आणायची गरज नाही, सर्टिफिकेट होऊन जाईल." बाबा खूश. मी नाही. नियमाने काय तपासतात? डोळ्यामुळे नाकारतात का?

पर्वतीकर
चाळिशी उलटली की फॉर्म १ए लागतो, डॉक्टरांच्या सहीचा. त्याआधी फॉर्म १, म्हणजे आपलं आपण दिलेलं निवेदन. पंचावन्ननंतर नूतनीकरण पाचच वर्षांचं. मुदत संपायच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो, तेव्हा करून टाका. संपल्यावर गाडी काढली आणि पकडलं तर ते विनालायसन्सच. आणि संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट.

फॅमिलीडॉक्टर_सहकारनगर
जुईताई, असे फॉर्म माझ्याकडे रोज येतात. "डॉक्टर, सही तेवढी" म्हणणारे जास्त. मी आधी खुर्चीत बसवतो.

फॉर्म १ए मध्ये मुख्य प्रश्न नजरेचा: चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. चष्म्यासकट चालतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असणं हे नाकारायचं कारण नाहीच. शिवाय रंगांधत्व, रातांधळेपणा, हॉर्न ऐकू येणं (यंत्र लावून चालतं), आणि हातापायांची ताकद. फिट, चक्कर किंवा अचानक शुद्ध हरपणं हे फॉर्म १ च्या निवेदनात विचारतात. मधुमेहाचं नाव घेऊन वेगळा प्रश्न नाही, पण चक्कर आणि शुद्ध हरपणं यात तो येतोच.

घरीच करून बघा. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर बाबांना उभं करा, पंचवीस मीटर मोजून समोरच्या गाडीची प्लेट वाचायला सांगा. आधी दोन्ही डोळ्यांनी, मग ऑपरेशन झालेला डोळा झाकून. बहुतेक तिथेच अडखळतील, आणि तुम्ही समजावण्यापेक्षा ते त्यांना जास्त पटेल.

मात्र ही परीक्षा दिवसाची आहे. त्यांची तक्रार रात्रीची. मोतीबिंदूत प्रकाश डोळ्यात विखुरतो, म्हणून दिव्याभोवती वलय दिसतं आणि त्यामागचं पुसलं जातं. दिवसा प्लेट वाचणारा माणूस रात्री दुभाजक चुकवू शकेलच असं नाही. फॉर्मला हे कळत नाही. एजंटला तर नाहीच.

आता शुगर. नुसत्या मेटफॉर्मिनने ती सहसा धोकादायक उतरत नाही, ग्लिमेपिराइडने उतरू शकते. गोळी घेतली, नाश्ता राहिला आणि गाडी काढली, हा घात. ब्रिटनमध्ये इन्सुलिनवाल्या चालकांना सांगतात: निघण्याआधी शुगर तपासा, ९० च्या वर असेल तरच निघा, उतरली तर थांबून गोड खा, आणि नॉर्मलवर आल्यावरही पाऊण तास चाक हातात घेऊ नका. आपल्याकडे तसा नियम नाही, पण माझ्या पेशंटना मी हेच सांगतो. डिकीत ग्लुकोजची पुडी ठेवा, स्वयंपाकघरातल्या डब्यात नाही.

रंग_फिके
थोडं अवांतर. मला लाल-हिरवा नीट ओळखू येत नाही, म्हणून पूर्वी अडवलं होतं. जून २०२० मध्ये केंद्राने फॉर्म बदलले, आता सौम्य किंवा मध्यम रंगांधत्व असेल तर लायसन्स मिळतं. तीव्र असेल तर नाही.

जुई_कोथरूड
प्लेटची टेस्ट झाली. उजव्याने धडाधड, डाव्याने "एमएच बारा" आणि पुढे शांतता. मग म्हणे प्लेटच मळकट आहे! डॉक्टर, दुसऱ्या डोळ्याचं झालं आणि तरी रात्री जमेना, तर मी काही करू शकते का?

फॅमिलीडॉक्टर_सहकारनगर
मळकट प्लेट, हे नेहमीचंच :) मोटार वाहन कायद्याचं कलम १६ आहे. आजार किंवा अपंगत्वामुळे चालक योग्य नाही असं मानायला सबळ कारण असेल तर आरटीओ नव्याने मेडिकल मागू शकतं, लायसन्स रद्दही करू शकतं. पण तिथवर नेऊ नका, घरात अबोला धरतील. दिवाळीची वाट बघण्यापेक्षा आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे दिवस गेले. ऑपरेशन होऊन नवा चष्मा येईपर्यंत अंधार पडल्यावर किल्ली तुमच्याकडे. फॉर्म १ए साठी बाबांना स्वतः घेऊन जा, आणि रात्रीची तक्रार त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सांगा.